बेरीज करू की वजाबाकी?

नमस्कार बाई,

मी धनकवडीला राहते. घरीच ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते. मुलगा पाचवीत आहे, सेमी इंग्रजीला. वीसपर्यंत पाढे पाठ आहेत, नुसती गणितं घातली तर बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार सगळं येतं. पण शाब्दिक उदाहरण आलं की गाडी अडते. वाचतो न वाचतो तोच विचारतो, "आई, बेरीज करू की वजाबाकी?" सांगितलं की करतो, नाही सांगितलं की रडतो. परवाचं उदाहरण असं: दुकानात ३४८ वह्या होत्या, त्यांतल्या १२५ विकल्या, मग दुकानदाराने ६ गठ्ठे आणले, प्रत्येक गठ्ठ्यात २४ वह्या, तर आता दुकानात किती वह्या? याने सगळे आकडे एकाखाली एक लिहिले आणि उत्तर काढलं ५०३. मी ओरडले, तर खोडरबराने पुसून वजाबाकी करायला बसला. क्लासमध्ये एक तक्ता दिलाय: 'एकूण' आलं की अधिक, 'उरले' आलं की उणे, 'प्रत्येकी' आलं की भागिले. तो त्याला तोंडपाठ आहे, तरी हे असं. पुस्तक इंग्रजीत म्हणून मी मराठीतून सांगायला गेले तर आकडेच उलटे लिहितो. बासष्ट म्हटलं की २६. माझंच गणित कच्चं, दहावीला दोनदा गटांगळी खाल्ली. हे माझ्यावरूनच गेलंय का? क्लास बदलू का?

— एक आई, धनकवडी

नमस्कार.

तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात आवडलं ते ५०३. मी कागद घेऊन करून पाहिलं. ३४८ अधिक १२५ अधिक ६ अधिक २४, बरोब्बर ५०३, हातच्यासकट. म्हणजे पोराची बेरीज चोख आहे. चूक बेरजेच्या आधी कुठेतरी झाली, आणि त्या आधीच्या जागी त्याला अजून कुणी नेलेलंच नाही.

ती जागा कुठली, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. गिऱ्हाईक कापड घेऊन आलं की तुम्ही काय करता? घडी उलगडता, पन्हा किती ते बघता, बाही केवढी हवी विचारता, अस्तर लावायचंय का विचारता. कापड मीटरमध्ये आणलेलं असतं, तुमची टेप इंचात असते, तो हिशेब मनातल्या मनात होतो. "ताई, एवढ्यात कोपरापर्यंतची बाही बसणार नाही" हे तुम्ही कापडाला खडूही न लावता सांगता. कात्री सगळ्यात शेवटी. तुमचा मुलगा "बेरीज करू की वजाबाकी" विचारतो, म्हणजे कापड हातात पडल्या पडल्या "कुठून कापू?" असं विचारतो. उत्तर बरोबर दिलंत तरी शिवणं काही येणार नाही त्याला. आणि दहावीचं म्हणाल, तर ज्या बाईचं माप दिवसभर चुकत नाही तिनं 'माझं गणित कच्चं' म्हणणं मला मान्य नाही. परीक्षेत नापास होणं निराळं, गणित न येणं निराळं. तेव्हा हे तुमच्यावरून गेलेलं नाही. तुमच्यावरून गेलं असतं तर बरंच झालं असतं.

सगळे आकडे एकत्र घालून मोकळं होणारा तुमचा मुलगा एकटा नाही, हेही सांगते. १९७९ च्या सुमारास फ्रान्समध्ये, ग्रेनोबल इथे, गणित शिक्षणाचा अभ्यास करणाऱ्यांनी दुसरी-तिसरीतल्या मुलांना एक प्रश्न घातला होता. जहाजावर २६ मेंढ्या आणि १० शेळ्या आहेत, तर कप्तानाचं वय किती? बहुतेक मुलांनी आकडे एकमेकांत मिसळून वय सांगून टाकलं. छत्तीस वर्षांचा कप्तान, काय वाईट आहे? मुलं मूर्ख नव्हती. शाळेत आजवर त्यांना जे जे उदाहरण मिळालं त्याला उत्तर होतंच, ते दिलेल्या आकड्यांतूनच निघत होतं, आणि दिलेला प्रत्येक आकडा वापरायचाच असायचा. मग उदाहरण वाचायचं कशाला? आकडे वेचायचे, काहीतरी करायचं, बाईंचा चेहरा बघायचा. तुमचा मुलगा तुमचा चेहरा बघतोय.

म्हणून अधूनमधून त्याला खोटं उदाहरण घाला. कात्रजहून स्वारगेटला जाणाऱ्या बसमध्ये ३१ माणसं होती, पुढच्या स्टॉपवर १२ चढली, तर कंडक्टरचं वय किती? पहिल्या वेळी तो ४३ म्हणेल. दुसऱ्या वेळी तुमच्याकडे संशयाने बघेल. तो संशय फार मोलाचा आहे.

आता तो तक्ता. क्लासवाल्यांना मी फार बोलणार नाही, कारण नोकरीच्या पहिल्या वर्षी असाच तक्ता मी स्वतः रंगीत खडूंनी काढून वर्गात लावला होता. फार अभिमान होता मला त्याचा. मग एकदा उदाहरण घातलं: झाडावरून ९ पेरू पडले, आता झाडावर १४ उरले, तर आधी किती होते? पहिल्या बाकावरच्या मुलीने 'उरले' बघितलं, तक्ता बघितला, १४ उणे ९ केलं आणि ५ लिहून वही पुढे केली. मागून एक पोरगा म्हणाला, "बाई, झाडावर पाचच होते तर नऊ पडले कसे?" सगळा वर्ग हसला. ती मुलगी रडवेली झाली, आणि चूक तिची नव्हती, माझ्या तक्त्याची होती. तिने तो इमानेइतबारे पाळला होता. संध्याकाळी मी तो उतरवला. शब्द खूण म्हणून चालतो, हुकूम म्हणून चालत नाही. 'उरले' कधी वजाबाकी सांगतो, कधी बेरीज. 'प्रत्येकी' कधी भागाकार, कधी गुणाकार. तुमच्याच उदाहरणात 'प्रत्येक गठ्ठ्यात' आहे आणि तिथे गुणाकार आहे. तक्ता पाळायचा म्हटला तर तुमचा मुलगा २४ भागिले ६ करून प्रत्येक गठ्ठ्यातून ४ वह्या काढेल.

मग करायचं काय? परवाचंच उदाहरण परत काढा. उद्याच नको, दोन दिवस जाऊ द्या. त्याच्याशेजारी बसा आणि पुस्तकातले आकडे झाका. छोट्या कतरणी ठेवल्यात तरी चालेल, तुमच्याकडे त्यांना काय तोटा. मग विचारा, दुकानात काय झालं? आकडा एकही सांगायचा नाही. इंग्रजी वाक्य त्याने मराठीत सांगितलं तर फारच उत्तम. सेमीच्या मुलांची एक सवय मी पाहिलीय: ती इंग्रजी वाक्याचा अर्थ लावत बसत नाहीत, त्यातले ओळखीचे दोन शब्द हुडकतात. घरच्या भाषेत सांगायला लावलं की ही पळवाट बंद होते.

बोलणं साधारण असं होईल.

"वह्या होत्या. थोड्या विकल्या. मग गठ्ठे आणले."

"कसले गठ्ठे?"

"वह्यांचेच."

"विकल्यावर दुकानातल्या वह्या वाढल्या की कमी झाल्या?"

"कमी."

"आणि गठ्ठे आल्यावर?"

"वाढल्या."

"मग विचारलंय काय?"

"आता किती."

एवढं झालं की अर्ध्याहून जास्त काम झालं, आणि अजून कात्रीला हात लागलेला नाही. इथे त्याच्याकडून वहीत खाली एक ओळ लिहून घ्या: 'आता दुकानात ____ वह्या आहेत.' उत्तराचं वाक्य आधी, आकडा मागून भरायचा. बऱ्याच मुलांना उत्तर आल्यावर ते कशाचं आलं हे कळत नाही. रिकामी जागा आधीच करून ठेवली की त्या जागेत काय बसणार ते त्यांच्या डोक्यात राहतं.

आता एकेक कतरण उचला आणि आकड्याचं आडनाव विचारा. ३४८ काय? वह्या. १२५? वह्या, विकलेल्या. ६? इथे थांबा. घाई करू नका, त्याला अडू द्या. सहा गठ्ठे. आणि २४? वह्या, पण एका गठ्ठ्यातल्या. मग म्हणा, तू परवा ६ आणि २४ मिळवलेस ना, त्याचे ३० झाले. ते ३० काय? गठ्ठे की वह्या? माझ्या अनुभवात इथे मुलं हसतात. स्वतःच्याच उत्तरावर हसतात, आणि ते हसू तुमच्या ओरडण्यापेक्षा जास्त काम करतं. तुम्ही तरी तीन हुक आणि दोन मीटर अस्तर यांची बेरीज पाच कशाची म्हणून लिहाल?

करण्याआधी एक अंदाज घेऊ द्या. उत्तर ३४८ पेक्षा मोठं येईल की लहान? सव्वाशे वह्या गेल्या. सहा गठ्ठे आले, चोवीस म्हणजे जवळजवळ पंचवीस, पंचवीस सख दीडशे. म्हणजे गेल्यापेक्षा थोड्या जास्तच आल्या, तेव्हा उत्तर ३४८ च्या जरासं वर. एवढं मनात ठरलं असतं तर ५०३ दिसताच त्यालाच वाटलं असतं, इतक्या वह्या कुठून आल्या?

आणि मग मांडणी. नुसते आकडे नाहीत, प्रत्येक ओळीला नाव:

विकून उरलेल्या वह्या = ३४८ − १२५ = २२३
नव्या आणलेल्या वह्या = २४ × ६ = १४४
आता दुकानात असलेल्या वह्या = २२३ + १४४ = ३६७

आमच्या वेळी डाव्या बाजूच्या या शब्दांना 'रीत' म्हणायचे आणि रीत नाही तर गुण नाहीत असा दंडक होता. तेव्हा मला तो जाच वाटायचा. पेपर तपासायला लागले तेव्हा कळलं की ज्याने डावीकडचं वाक्य नीट लिहिलंय त्याची उजवीकडची चूक बहुतेक हातच्याची असते, आणि ज्याने डावीकडे काहीच लिहिलेलं नाही त्याची चूक कुठे आहे ते ब्रह्मदेवालाही सापडत नाही.

ताळाही गोष्टीनेच करा, गोष्ट उलटी फिरवून. ३६७ मधून नव्या १४४ परत पाठवल्या, २२३ राहिल्या. विकलेल्या १२५ परत फळीवर ठेवल्या, ३४८ झाल्या. जिथून निघालो तिथे आलो.

आता तुम्ही न विचारलेली, पण लवकरच येणारी एक अडचण. 'पेक्षा'. माझ्या मते प्राथमिक शाळेत मुलांना सगळ्यात जास्त या एका शब्दाने रडवलंय. राधाकडे २३ टिकल्या आहेत. तिच्याकडे मीनापेक्षा ८ जास्त आहेत. तर मीनाकडे किती? 'जास्त' दिसलं की मुलगा २३ आणि ८ मिळवून ३१ लिहिणार. त्याला उपदेश करू नका, दोन कतरणी द्या. एक लांब, एक आखूड. विचारा, राधाची कुठली? वाक्य परत वाचून तो लांब पट्टी उचलेल. त्यावर २३ लिहायला सांगा. मीनाची आखूड पट्टी त्याखाली, डावीकडची टोकं जुळवून. उजवीकडे राधाची जी पट्टी बाहेर आली तेवढी आत दुमडा: ते ८. उरलं ते मीनाचं, १५. पट्टी कुणाची लांब एवढं एकदा ठरलं की पुढे 'जास्त' लिहिलंय की 'कमी' याने फरक पडत नाही. 'पट' आलं तरी याच पट्ट्या. मीनाच्या १५ असताना राधाकडे '३ ने जास्त' म्हणजे १८, आणि '३ पट' म्हणजे मीनाची आखूड पट्टी तीनदा जोडायची, ४५. 'ने' आणि 'पट' यांत सत्तावीस टिकल्यांचा फरक पडतो, आणि मुलं ते दोन्ही एकाच सुरात वाचतात.

भागाकारावर मात्र मी जरा रेंगाळणार आहे, कारण तिथे गंमत आहे. १३० भागिले ४०. पोरं लगेच सांगतील, भागाकार ३, बाकी १०. बरोबर. आता तीन गोष्टी सांगते.

शाळेची सहल सिंहगडावर निघालीय, १३० मुलं आहेत, एका बसमध्ये ४० बसतात. बस किती? ४. बाकी राहिलेल्या दहा मुलांना कुणी शाळेच्या फाटकात ठेवून जात नाही.

तुमच्याकडे १३० सेंटिमीटर लांबीचं कापड आहे, एका बटव्याला ४० सेंटिमीटर लागतं. बटवे किती? ३. दहा सेंटिमीटर कतरणीत जातं. चौथा बटवा काही होत नाही.

चाळीस मुलांनी मिळून बाईंच्या निरोपाला १३० रुपयांचा गुच्छ आणला. प्रत्येकाच्या वाट्याला किती आले? सव्वातीन रुपये.

भागाकार एकच, आणि उत्तरं चार, तीन आणि सव्वातीन. तिन्ही खरी. कुठलं कधी, हे आकडे सांगू शकत नाहीत, ते बस, कापड आणि रुपये सांगतात. तुमच्या मुलाला हे तिन्ही एका पाठोपाठ एक घाला आणि तो चक्रावला की मजा बघा. 'भागाकार ३, बाकी १०' एवढंच लिहून थांबणाऱ्याला मी अर्धे गुण द्यायचे, आणि पालक भांडायला यायचे.

सव्वातीन म्हटलं म्हणून आठवलं. पुढे वेग-अंतराची उदाहरणं येतील: एक गाडी १९५ किलोमीटर अंतर ३ तास १५ मिनिटांत कापते, तर ताशी वेग किती? हुशार मुलंसुद्धा इथे ३.१५ लिहून फसतात. त्यांना म्हणावं, तीन तास पंधरा मिनिटं म्हणजे किती वाजल्यासारखं? सव्वातीन. सव्वा म्हणजे पाव जास्त. पाव म्हणजे ०.२५. म्हणून ३.२५, आणि १९५ ला ३.२५ ने भागलं की स्वच्छ ६०. पाव, पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे शब्द आपल्या तोंडात आयतेच असतात. सव्वाचौदा उंची आणि साडेसात मुंढा तुम्ही दिवसातून दहा वेळा म्हणता. तो शेजारी अभ्यास करत असेल तर जरा मोठ्याने म्हणा.

एकमान पद्धतीबद्दल थोडक्यात, कारण ती मंडईत सगळ्यांनाच येते. ३ किलो बटाटे ९६ रुपये, तर ५ किलो? आधी एका किलोवर या, ३२ रुपये, मग पाचावर जा, १६०. पण त्याच्या जोडीला लगेच विचारा: दोरीवर एक साडी वाळायला २ तास लागतात, तर एकदम टाकलेल्या ५ साड्यांना किती? १० म्हणाला तर गच्चीवर नेऊन दाखवा.

आता बासष्ट आणि २६. हा दोष त्याचा नाही, तुमचाही नाही. 'बासष्ट' म्हणताना दोन आधी ऐकू येतो आणि साठ मागून. लिहिताना साठातला सहा आधी. वर्गात इंग्रजीत 'सिक्स्टी टू' म्हणतात तेव्हा ऐकलेला क्रम आणि लिहायचा क्रम एकच असतो. पोराचा हात शाळेतल्या क्रमाने चालतो आणि कान घरातल्या. २०१९ साली बालभारतीने दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस'च्या जोडीला 'वीस एक' असं वाचन दिलं तेव्हा किती गदारोळ झाला होता, आठवतं? विनोद झाले, विधानसभेत विषय निघाला. गणिताच्या समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर होत्या; स्वतः गणितज्ञ, आणि मुलं कुठे अडखळतात याचा विचार करणाऱ्या. २०२३ मध्ये त्या गेल्या. मला स्वतःला 'बावन्न' आणि 'त्र्याहत्तर' सोडवत नाहीत, हे कबूल करते. पण त्यांनी दाखवलेली अडचण खरी होती, आणि ती आत्ता तुमच्या घरी आहे. तुम्ही वाचून दाखवताना काही दिवस 'बासष्ट, म्हणजे साठ आणि दोन' असं म्हणत जा. त्यालाही तसंच म्हणायला लावा. महिनाभरात सुटेल. आणि एकोणतीस आला की आवर्जून फोड करून सांगा: तिसात एक उणा. आपल्या भाषेने त्या शब्दातच वजाबाकी करून ठेवलीय, पोरांना कुणी सांगत नाही.

एक शेवटचं, ते रडण्याबद्दल. कुठून सुरू करावं कळत नाही म्हणून तो रडतो. त्याला सांगा की काहीच सुचलं नाही तर वाटेल तो आकडा उत्तर म्हणून धरायचा आणि गोष्टीत घालून बघायचा. ही लबाडी नाही. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास लिहिलेल्या 'लीलावती'त या रीतीला इष्टकर्म असं भारदस्त नाव आहे. तिथे भुंग्यांचं एक उदाहरण आहे: थव्यातले एक पंचमांश भुंगे कदंबावर गेले, एक तृतीयांश शिलींध्राच्या फुलावर, या दोहोंतल्या फरकाच्या तिप्पट कुड्यावर, आणि एक बिचारा केतकी आणि मालती यांच्या सुगंधात अडकून मधेच घिरट्या घालत राहिला. तर एकूण किती?

अपूर्णांक जोडत बसू नका. समजा ३०. पंचमांश ६ गेले, तृतीयांश १०. फरक ४, त्याची तिप्पट १२. सहा, दहा आणि बारा मिळून २८ गेले, उरले २. पण गोष्टीत उरलाय एकच. दुप्पट धरलं होतं, तर निम्मे करा: १५. पडताळा हवा तर ३, ५, ६ आणि एक. आठशेहून जास्त वर्षं झाली त्या भुंग्याला, अजून घिरट्या घालतोय आणि अजून मुलांना आवडतो. चुकीचा अंदाज धरून बरोबर उत्तरावर येता येतं हे ज्याला एकदा दिसलं त्याची वही कोरी राहत नाही.

क्लासचं विचारलंत. बदलू नका, कारण दुसरीकडेही तक्ता असेल, फक्त छापील. मी तुमच्या जागी असते तर दिवाळीपर्यंत शाब्दिक उदाहरणांपुरता क्लास बाजूला ठेवला असता आणि घरी रोज एक, फक्त एक, उदाहरण घेतलं असतं. दहा नाहीत. तुमच्या शिलाईच्या टेबलाच्या कोपऱ्यावर, तुमचं काम चालू असताना. आणि दिवाळीच्या आधी ऑर्डरी वाढल्या की त्यालाच विचारा: अकरा ब्लाउजांना अस्तर, प्रत्येकी ८० सेंटिमीटर, तर तुळशीबागेतून किती मीटर आणायचं? तो ८.८ म्हणेल. मग दुकानदार ८.८ मीटर देतो का, नऊ घ्यावं का, आणि वर थोडं जास्त का घ्यावं, हे तुम्ही त्याला सांगा. त्या भागात मी तुमची विद्यार्थिनी आहे.

त्याच्यासाठी एक उदाहरण पाठवते. पर्वतीला १०३ पायऱ्या आहेत. एक आजी चढताना दर २० पायऱ्या झाल्या की दम खायला थांबते. देवळापाशी पोहोचेपर्यंत ती किती वेळा थांबेल? उतरतानाही तिने वरून मोजत दर २० पायऱ्यांनी थांबायचं ठरवलं, तर चढताना जिथे टेकली होती त्याच पायऱ्यांवर ती टेकेल का? मला उत्तर पाठवू नका. आकडे झाकून त्याने सांगितलेली गोष्ट, त्याच्याच शब्दांत, लिहून पाठवा.